कागदावरचा सूर्य : गच्चीवरून सौरडागांची नोंद कशी ठेवावी

माळवदाच्या झरोक्यातून किंवा पत्र्याला पडलेल्या खिळ्याच्या भोकातून जमिनीवर उतरणारा कवडसा आपण सर्वांनीच पाहिलेला असतो. भोक चौकोनी असो वा वेडेवाकडे, पुरेशा अंतरावर पडलेला कवडसा मात्र गोलच असतो, कारण तो भोकाचा आकार नसून सूर्याची प्रतिमा असते. खंडग्रास ग्रहणाच्या दिवशी हाच कवडसा कोरीसारखा दिसतो तो त्याचमुळे. सौरडाग, म्हणजे सूर्याच्या चकतीवर दिसणारे काळसर ठिपके, पाहण्याची जी पद्धत येथे सांगायची आहे, ती म्हणजे या कवडशाला भिंगांची जोड देऊन तो मोठा आणि रेखीव करणे, एवढीच आहे. सूर्याकडे पाहायचे नाही, कागदाकडे पाहायचे, या एका अटीवर तिचा सगळा डोलारा उभा आहे.

ही अट किती कडक आहे, ते आधी समजून घेतलेले बरे. डोळ्यातील दृष्टिपटलाला वेदना जाणवत नाही, त्यामुळे ते भाजत असताना माणसाला काहीच कळत नाही आणि काही तासांनी दृष्टीच्या मध्यभागी काळा ठिपका राहतो, तो कित्येकदा कायमचा. काजळी धरलेली काच, एक्स-रेची जुनी फिल्म, सीडी, दोन-तीन गॉगल एकावर एक, परातीतल्या पाण्यातले प्रतिबिंब, यांपैकी काहीही सुरक्षित नाही. केवळ डोळ्यांसाठी आयएसओ १२३१२-२ या मानकाचा ग्रहणचष्मा किंवा वेल्डिंगची १४ क्रमांकाची काच चालते. परंतु तो चष्मा लावून दुर्बिणीला डोळा लावणे म्हणजे विस्तव हातात धरणे होय, कारण दुर्बिणीने एकवटलेले ऊन चष्म्याची पातळ फिल्म क्षणात जाळते. दुर्बिणीला गाळणी लावायचीच असेल, तर ती नेहमी पुढच्या, मोठ्या भिंगाच्या आधी लावावी. नेत्रिकेवर, म्हणजे डोळा लावायच्या भिंगावर, बसवायच्या ज्या छोट्या काळ्या काचा जुन्या दुर्बिणींसोबत मिळत, त्या उष्णतेने तडकतात. तशी काच घरात असेल, तर ती आजच टाकून द्यावी.

भिंगाशिवाय काय साधते, हेही पाहू. भोकापासून पडद्यापर्यंतच्या अंतराला १०७ ने भागले की कवडशाचा व्यास मिळतो. म्हणजे १० मीटर अंतरावर सुमारे ९ सेंटिमीटरचा सूर्य. आरशावर काळा कागद चिकटवून त्यात ४-५ मिलिमीटरचे भोक ठेवावे आणि आरसा अंगणात ठेवून त्याचे ऊन अंधाऱ्या खोलीतल्या पांढऱ्या भिंतीवर पाडावे, म्हणजे वर्गातल्या सर्व मुलांना एकाच वेळी सूर्य दिसतो. ग्रहणासाठी ही युक्ती उत्तम आहे. डागांसाठी मात्र ती अपुरी पडते, कारण अशा प्रतिमेत फक्त अतिविशाल डागांची पुसटशी छटा उमटते.

म्हणून द्विनेत्री दुर्बीण घ्यावी. ७×५० किंवा १०×५० मापाची, म्हणजे सात किंवा दहापट मोठे दाखवणारी आणि ५० मिलिमीटर भिंगाची, साधी दुर्बीण पुरते. तिच्या दोन नळ्यांपैकी एक झाकणाने बंद करावी आणि ते झाकण चिकटपट्टीने पक्के करावे, कारण वाऱ्याने झाकण उडाले आणि त्याच क्षणी शेजारी कोणी वाकलेले असले, तर काय होईल हे सांगायला नको. उघड्या नळीभोवती ३०-४० सेंटिमीटरचा पुठ्ठ्याचा चौकोन बसवावा, म्हणजे त्याची सावली कागदावर पडून प्रतिमा उठून दिसते. दुर्बीण तिपाईवर घट्ट बांधावी. नेत्रिकेपासून कागद जितका दूर, तितकी प्रतिमा मोठी आणि फिकी. हिशोब असा, की दुर्बिणीच्या वर्धनाला (ती किती पट मोठे दाखवते त्या आकड्याला) कागदाच्या अंतराने गुणून १०७ ने भागावे. दहापट वर्धनाच्या दुर्बिणीने एक मीटरवर जवळपास ९ सेंटिमीटरची प्रतिमा पडते. शाळेत ६० मिलिमीटर भिंगाची खगोलीय दुर्बीण असेल आणि तिला तीसपट वर्धनाची नेत्रिका लावली, तर अर्ध्या मीटरपेक्षा थोड्या अधिक अंतरावर १५ सेंटिमीटरची प्रतिमा मिळते, आणि नोंदीसाठी हाच आकार सर्वांत सोयीचा.

येथे एक कबुली द्यावी लागेल. माझ्या पहिल्या दुर्बिणीच्या नेत्रिकेतले प्लास्टिकचे कडे मी स्वतःच्या उतावीळपणाने वितळवले. सूर्य मधोमध न आणता मी दहा मिनिटे पुठ्ठा सरळ करत बसलो होतो आणि एकवटलेले ऊन त्या कड्यावर पडत राहिले. तेव्हापासून दोन-तीन मिनिटे पाहिल्यावर नळीच्या तोंडावर झाकण ठेवून ती निवू देण्याची शिस्त मी पाळतो. मोठ्या दुर्बिणीचे तोंड पुठ्ठ्याने झाकून ५० मिलिमीटरचेच भोक ठेवावे. ज्या दुर्बिणींत आरसे आणि भिंगे दोन्ही असतात व नळी आखूड असते, त्या प्रतिमा पाडण्यासाठी वापरूच नयेत, कारण त्यांच्या आत उष्णता साचते. दुर्बिणीवर बसवलेली छोटी शोधक दुर्बीण काढून ठेवावी.

मग सूर्य शोधायचा कसा? सावलीने. नळीची सावली जमिनीवर किंवा कागदावर पाहत नळी हलवावी. सावली आखूड होत होत केवळ वर्तुळ उरले, की नळी सूर्याच्या रेषेत आली असे समजावे आणि त्याच क्षणी कागदावर झगझगीत चकती येते. पहिल्या दिवशी याला दहा मिनिटे लागतात, आठवड्याने दहा सेकंद. चकतीची कड रेखीव दिसेपर्यंत केंद्रचक्र, म्हणजे प्रतिमा स्पष्ट करायचे चाक, फिरवावे. कडेकडे प्रकाश किंचित मंद होत गेलेला दिसेल. तो दुर्बिणीचा दोष नाही, सूर्याच्या कडेवर आपल्याला त्याच्या वातावरणाचे वरचे, तुलनेने थंड थर दिसतात म्हणून तसे होते. एखादा ठिपका डाग आहे की भिंगावरची धूळ, अशी शंका आल्यास दुर्बीण हलकेच हलवावी. ठिपका सूर्याबरोबर सरकला तर तो डाग. सूर्य सरकूनही ठिपका जागीच राहिला तर ती धूळ, आणि मराठवाड्यात फेब्रुवारीनंतर ती पुष्कळ असते.

वेळेची निवड हा आपल्याकडे खरा प्रश्न आहे. काळी जमीन आणि सिमेंटची गच्ची सकाळी दहानंतर तापू लागते, तिच्यावरून उठणारी गरम हवा प्रकाशाला थरथरवते आणि कागदावरची सूर्याची कड उकळत्या पाण्यासारखी हलते. अशा प्रतिमेत मोठे डाग दिसतात, पण बारीक हरवतात. सूर्य क्षितिजावर अगदी खाली असतानाही जाड हवेमुळे तीच गत. म्हणून सूर्य क्षितिजापासून हाताच्या दोन-तीन मुठी वर आला, की सकाळी साधारण आठ ते साडेनऊ या वेळेत निरीक्षण उरकावे. गच्चीवर सकाळी पाणी मारलेले असल्यास किंवा दुर्बीण हिरवळीवर, तुरीच्या शेताच्या बांधावर लावल्यास फरक लगेच जाणवतो. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा उत्तम काळ आहे. मे महिन्याच्या मध्याला आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस आपल्या पट्ट्यात शून्य सावलीचे दिवस येतात. तेव्हा दुपारचा सूर्य थेट डोक्यावर असल्याने तिपाईवरची दुर्बीण तिकडे वळवणे म्हणजे कसरत ठरते, आणि त्या उन्हात उभे राहण्यापेक्षा सकाळ गाठणेच शहाणपणाचे.

कागदावर १५ सेंटिमीटर व्यासाचे वर्तुळ आधीच काढून त्याच्या झेरॉक्स प्रती तयार ठेवाव्यात. प्रतिमा वर्तुळात बसवून पेन्सिलीने फक्त डागांच्या जागा टिपाव्यात. सुबक चित्र काढण्याच्या भरात सूर्य पुढे निघून जातो, कारण आपल्या व्यासाइतके अंतर तो आकाशात सुमारे दोन मिनिटांत कापतो. याच सरकण्याचा उपयोग दिशा ठरवण्यासाठी होतो. दुर्बीण स्थिर ठेवली, की प्रतिमा ज्या बाजूने कागदाबाहेर जाऊ लागते, ती तिची पश्चिम कड. तेथे ‘प’ लिहावे. दुर्बिणीच्या प्रकाराप्रमाणे प्रतिमा उलटीसुलटी पडते, त्यामुळे दिशा अंदाजाने कधीही लिहू नये. प्रत्येक कागदावर दिनांक, भारतीय प्रमाणवेळ, दुर्बिणीचे माप आणि हवा स्थिर होती की थरथरती, एवढे लिहावे. इतरांच्या नोंदींशी ताडून पाहायचे असेल, तर प्रमाणवेळेतून ५ तास ३० मिनिटे वजा करून जागतिक वेळही लिहावी.

आता कागदावर आलेला डाग म्हणजे नेमके काय? मोठ्या डागाचा गाभा काळा दिसतो, त्याला प्रच्छाया म्हणतात, आणि भोवतीच्या करड्या झालरीला उपच्छाया. सूर्याच्या दृश्य पृष्ठाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस असते, तर प्रच्छायेचे ३,५०० ते ४,००० अंशांच्या दरम्यान; म्हणजे डाग काळा नसतो, तो भोवतालच्या लखलखाटापुढे काळा दिसतो इतकेच. तेथे चुंबकीय क्षेत्र इतके प्रबळ असते, की आतून वर येणाऱ्या उष्ण वायूचे अभिसरण अडते आणि तो भाग थंड राहतो. डाग चुंबकीय आहेत, हे जॉर्ज एलरी हेल यांनी १९०८ मध्ये अमेरिकेतील माउंट विल्सन वेधशाळेत दाखवून दिले. उपच्छायेतून वायू बाहेरच्या दिशेने वाहतो, हा शोध तर आपल्या देशात, कोडाईकनालच्या वेधशाळेत जॉन एव्हरशेड यांनी १९०९ मध्ये लावला. आकाराची कल्पना येण्यासाठी एवढे लक्षात ठेवावे, की सूर्याचा व्यास पृथ्वीच्या १०९ पट आहे, त्यामुळे १५ सेंटिमीटरच्या वर्तुळात पृथ्वी जेमतेम दीड मिलिमीटरची, म्हणजे बारीक मोहरीच्या दाण्याएवढी भरेल. मुलांना कागदावर खरोखरच मोहरीचा दाणा ठेवायला सांगावे.

मोजणीची रीत ज्यूरिखच्या रुडॉल्फ वुल्फ यांनी १८४८ मध्ये घालून दिली आणि ती आजही तशीच चालते. डाग बहुधा एकटे नसतात, त्यांचे गट असतात. आधी गट मोजावेत, त्यांना १० ने गुणावे आणि त्यात सर्व सुट्या डागांची संख्या मिळवावी. समजा चार गट दिसले आणि त्यांत मिळून १७ डाग आहेत, तर त्या दिवसाची संख्या ४० अधिक १७, म्हणजे ५७. एकच डाग असला, तर तो एक गटही आणि एक डागही, म्हणून संख्या ११ येते. १ ते १० या संख्या या पद्धतीत येऊच शकत नाहीत, आणि नवख्याच्या वहीत ‘३’ दिसले, की त्याने गट धरायचा राहिला हे ओळखावे. एका उपच्छायेत दोन प्रच्छाया असतील, तर दोन डाग मोजावेत. जवळजवळचे डाग एका गटाचे की दोन गटांचे, हा निर्णय खरा अवघड असतो. दुसऱ्या दिवशीचा कागद शेजारी ठेवला, की कोण कोणाबरोबर वाढले आणि विरले हे दिसते व निर्णय सोपा होतो. तुमची संख्या वेधशाळेच्या संख्येपेक्षा कमी येईल. त्याने खट्टू होऊ नये. प्रत्येक निरीक्षकाचा आणि त्याच्या दुर्बिणीचा एक गुणक असतो आणि जगभरच्या नोंदी जमवणारे ब्रुसेल्समधील केंद्रही तो लावूनच सरासरी काढते. तुमच्याकडून अपेक्षा एकच, की दुर्बीण, वर्धन आणि मोजण्याची रीत वर्षभर बदलू नये.

पंधरा दिवसांचे कागद एकावर एक ठेवून उजेडासमोर धरले, की सूर्य फिरताना दिसतो. पूर्व कडेवर उगवलेला गट सुमारे १३ दिवसांत पश्चिम कडेवर मावळतो आणि पुरेसा दांडगा असेल, तर आणखी दोन आठवड्यांनी पुन्हा पूर्वेला हजर होतो. पृथ्वीवरून पाहता ही फेरी सुमारे २७ दिवसांची असते. विषुववृत्ताजवळचे डाग थोडे वेगाने आणि ध्रुवांकडचे सावकाश फिरतात, कारण सूर्य हा घन गोळा नाही.

डागांची संख्या वाढण्या-घटण्याचे अकरा वर्षांचे चक्र अशाच साध्या नोंदींतून सापडले. जर्मनीतील हाइनरिख श्वाबे हे पेशाने औषधविक्रेते होते. बुधाच्या कक्षेच्या आत एखादा ग्रह सापडेल या आशेने त्यांनी १८२६ पासून रोज डाग टिपले. ग्रह मिळाला नाही, पण १८४३ मध्ये डागांच्या संख्येला सुमारे दहा वर्षांची आवर्तने आहेत, हे त्यांनी जाहीर केले. सध्याचे २५ वे चक्र डिसेंबर २०१९ मध्ये सुरू झाले आणि त्याचा कळस ऑक्टोबर २०२४ मध्ये होऊन गेला. आता डागांना ओहोटी लागली म्हणून दुर्बीण माळ्यावर टाकण्याचे कारण नाही, कारण मोठ्या सौरज्वाला, म्हणजे डागांच्या गटांत होणारे ऊर्जेचे स्फोट, उतरत्या काळातही होतात. २३ व्या चक्राचा कळस २००१ मध्ये होता आणि त्यातील सर्वांत प्रचंड ज्वाला ४ नोव्हेंबर २००३ रोजी झाली.

येथे थोडे विषयांतर. गच्चीवर दुर्बीण लावली, की खाली जमलेल्यांपैकी कोणीतरी हमखास विचारते, ‘सर, डागांवरून पावसाचा अंदाज येतो का?’ दुष्काळाने पोळलेल्या प्रदेशात हा प्रश्न हसण्यावारी नेऊ नये. एकोणिसाव्या शतकातील दुष्काळांनंतर ब्रिटिश सरकारलाही हीच आशा वाटत होती, आणि १८९९ मध्ये कोडाईकनालची वेधशाळा उभी राहण्यामागे सूर्य व मान्सून यांचा संबंध शोधणे हाही एक हेतू होता. मात्र चक्राच्या कळसाच्या आणि तळाच्या दरम्यान सूर्याच्या एकूण प्रकाशात फरक पडतो तो सुमारे ०.१ टक्का. आपले दुष्काळ या चक्रावर ठेवून पाहा : १९७२ हे उतरत्या काळातले वर्ष, २०१२ कळसाच्या जवळचे, २०१५ पुन्हा उतरणीचे. १९७२ आणि २०१५ या दोन्ही वर्षी प्रशांत महासागरात प्रबळ एल निनो होता, आणि आपल्या पावसाशी त्याचे नाते डागांपेक्षा कितीतरी घट्ट आहे. ऑगस्ट १९७२ मध्ये एक अतिशय तीव्र सौरवादळही येऊन गेले होते. पण तो केवळ योगायोग होता.

सौरज्वाला मात्र कागदावर दिसत नाहीत, हे स्पष्टच सांगितले पाहिजे. डागांच्या गटांतील पिळलेल्या चुंबकीय क्षेत्ररेषा तुटून नव्याने जुळतात, तेव्हा साठलेली ऊर्जा काही मिनिटांत मोकळी होते, ती ज्वाला; तिचा प्रकाश मुख्यतः क्ष-किरणांत, अतिनील किरणांत आणि हायड्रोजनच्या विशिष्ट तांबड्या रंगात असतो. साध्या पांढऱ्या प्रकाशात दिसेल अशी ज्वाला विरळा. ती पहिल्यांदा पाहिली रिचर्ड कॅरिंग्टन यांनी, १ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये, आणि तीही दुर्बिणीने प्रतिमा पाडून डाग रेखाटत असताना, म्हणजे आपल्याच पद्धतीने. पाचेक मिनिटांत सर्व संपले. साडेसतरा तासांनी पृथ्वीवर आलेले चुंबकीय वादळ मुंबईच्या कुलाबा वेधशाळेतील उपकरणांनीही नोंदवले. ती नोंद आजही संशोधक वापरतात.

मग आपण काय करावे? ज्वालांची प्रतवारी क्ष-किरणांच्या तीव्रतेवरून ए, बी, सी, एम आणि एक्स अशी होते, प्रत्येक पायरी आधीच्या दसपट. अमेरिकेच्या गोज (GOES) उपग्रहांचा क्ष-किरणांचा आलेख नोआ (NOAA) या तिथल्या हवामान व सागर संस्थेच्या संकेतस्थळावर कोणालाही पाहता येतो. रोजच्या कागदाच्या मागच्या बाजूला आदल्या दिवसातील एम आणि एक्स वर्गाच्या ज्वालांची वेळ व त्या ज्या गटात झाल्या त्याचा क्रमांक लिहून ठेवावा. दोन-तीन महिन्यांत नजर तयार होते : गोल, एकांडा, शांत डाग सहसा काही करत नाही, एकाच उपच्छायेत अनेक गाभे कोंबलेला, दिवसागणिक आकार बदलणारा, वेडावाकडा पसरलेला गट मात्र पाहण्यासारखा असतो. मे २०२४ मधील १३६६४ क्रमांकाचा गट असाच होता. पृथ्वीच्या सुमारे १५ पट पसरलेला हा गट ग्रहणचष्म्यातून नुसत्या डोळ्यांनाही दिसत होता; त्याने लागोपाठ फेकलेले वायूचे लोट १० मे रोजी, अक्षय्य तृतीयेच्या रात्री साडेदहाच्या सुमारास पृथ्वीवर आदळू लागले आणि लडाखमधील हानले येथील कॅमेऱ्यांत तांबडा ध्रुवीय प्रकाश टिपला गेला. आपल्या अक्षांशावरून तो दिसण्याची आशा धरू नये. ज्वालेचा प्रकाश आठ मिनिटांत पोहोचतो, तर हे लोट साधारण एक ते तीन दिवसांनी. सगळ्याच ज्वालांबरोबर ते निघत नाहीत आणि निघालेले सगळेच आपल्या दिशेने येत नाहीत.

भारताचे आदित्य एल-१ हे यान ६ जानेवारी २०२४ पासून पृथ्वीपासून सुमारे १५ लाख किलोमीटरवर राहून सूर्याकडे पाहत आहे आणि त्यावरील अतिनील दुर्बीण पुण्याच्या आयुका या खगोलसंशोधन संस्थेने घडवली आहे, हे मुलांना आवर्जून सांगावे. पण ज्वाला स्वतः पकडायची हौस असेल, तर तिला डोळ्यांऐवजी कान लागतात. तमिळनाडूतील विजयनारायणम येथील नौदलाचे केंद्र १८.२ किलोहर्ट्झवर सतत संदेश पाठवते. लाकडी चौकटीवर तांब्याच्या तारेचे वेढे देऊन केलेला अँटेना लहानशा प्रवर्धकामार्फत (अॅम्प्लिफायरमार्फत) संगणकाच्या साउंड कार्डाला जोडला, तर त्या संदेशाची ताकद दिवसभर आलेखात उतरवता येते. दिवसा ज्वाला झाली, की वातावरणाचा आयनांबर नावाचा थर एकाएकी बदलतो आणि आलेखात काही मिनिटांत उसळी किंवा खळगा उमटून सावकाश ओसरतो. रात्री झालेली ज्वाला त्यात येत नाही. लोडशेडिंगने दिवसाचा आलेख मधेच तुटला, तर तेवढी वेळ कागदावर लिहून ठेवावी.

जून ते सप्टेंबर नोंदीत खंड पडणारच. ढगांमुळे सूर्य दिसला नाही, त्या दिवशी वहीत आडवी रेघ मारावी. शून्य लिहू नये. सूर्य स्वच्छ दिसला आणि त्यावर एकही डाग नव्हता, त्या दिवसाचे ते शून्य असते, आणि २०३० च्या आसपास, चक्र तळाला येईल तेव्हा, अशी शून्ये तुमच्या वहीत ओळीने येतील.